मदत हवी आहे: नऊ वर्षं न बोलणारे आबा आणि पप्पा कानबाईच्या सणाला एकत्र कसे येतील?

नमस्कार. पहिल्यांदाच धागा काढतेय, लांबला तर सांभाळून घ्या.

मी एकोणीस वर्षांची, जळगावला हॉस्टेलवर राहून शिकते. आई, पप्पा आणि धाकटा भाऊ नाशिकला, पप्पा तिथे कंपनीत आहेत. गाव चोपडा तालुक्यात. तिथे आबा (आजोबा), काका-काकू आणि एक चुलतभाऊ. आबा आणि पप्पा 2017 पासून एकमेकांशी बोलत नाहीत.

झालं असं की आत्याच्या घरी मोठं आजारपण निघालं आणि आबांनी तिच्यासाठी दोन एकर विकले. पप्पांना काही सांगितलं नाही. त्याच तुकड्यातल्या केळीला ठिबक करायला पप्पांनी ओव्हरटाइमचे पैसे पाठवले होते. त्यांना कळलं ते गावातल्या मित्राच्या फोनवरून. रागाच्या भरात गेले आणि तलाठ्याकडे फेरफारावर, म्हणजे सातबाऱ्यावर नवा मालक चढवायच्या नोंदीवर, हरकत टाकून आले. पंधरा दिवसांची मुदत असते, हे चौदाव्या दिवशी पोचले. नोंद वादात गेली, आबांना सुनावणीची नोटीस आली.

आबा धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून सकाळी दहाला ऑफिसच्या ओट्यावर जाऊन बसले. चारपर्यंत त्यांचं नाव कोणी पुकारलं नाही. गावातली दोन माणसं विचारून गेली, काय आबा, इथे कसे? जमीन गेली, पैसा गेला, त्याचं त्यांना फार काही नाही. तो ओटा त्यांच्या डोक्यातून जात नाही. ‘पोटना पोऱ्यानी माले नोटीस धाडी’, एवढंच म्हणतात. नोटीस सरकारी ऑफिसातून येते, पप्पांकडून नाही, असं मी एकदा सांगून पाहिलं. आबांनी अडकित्ता घेतला आणि सुपारी कातरायला लागले. पप्पांचंही एकच पालुपद: ‘माझी सही लागत नव्हती, माहितीये मला. पण सांगायचं तरी.’

2021 मध्ये आजी गेली तेव्हा पप्पा आले, तेरा दिवस राहिले. एकाच पंगतीला बसायचे आणि मध्ये मी. ‘त्याला म्हणावं भात घे.’ ‘त्यांना विचार, गोळी घेतली का.’ तेराव्याच्या संध्याकाळी पप्पा निघताना पाया पडले. आबा भिंतीकडे बघत होते.

आता खरी गोष्ट. गेल्या श्रावणात मी लहानपणानंतर पहिल्यांदा कानबाईला गावी गेले. खानदेशाबाहेरच्यांसाठी सांगते: नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई, आमची देवी, बसते, रात्रभर जागरण असतं आणि सोमवारी नदीवर विसर्जन. त्यासाठी सुरत-नाशिकला गेलेली माणसंसुद्धा गावी येतात. मुख्य असतो तो रोट, म्हणजे देवीचा नैवेद्य. घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ धान्य, गहू आणि हरभऱ्याची डाळ, असं मोजून दळतात. हा रोट फक्त भाऊबंदकीने खायचा.

शनिवारी आबा ओट्यावर सूप घेऊन बसले होते. मूठ भरायची, सुपात सोडायची, वर चिमटीने पाव मूठ. घरात पुरुष तीन. मी बघत होते, आबांनी पाच वेळा मूठ भरली. पाचवी जरा सैल धरली, लहान मुलाची असावी तशी. माझा भाऊ तेव्हा दहा वर्षांचा होता, आबांनी त्याला आजीच्या तेराव्यानंतर पाहिलेलं नाही. मी काकूकडे बघितलं तर ती हळूच म्हणाली, ‘दरसाल आसंच ऱ्हास. बोलू नको.’

मी बोलले नाही, पण दिवाळीत शहाणपणा केला. आबांना सांगितलं, पप्पा तुमची आठवण काढतात. पप्पांना सांगितलं, आबा तुम्हाला विचारत होते. मला वाटलं, मूठ भरतात म्हणजे अर्धं तरी खरंच आहे. आबांनी त्याच संध्याकाळी काकांच्या मोबाइलवरून फोन लावला. पप्पा दचकून म्हणाले, ‘मी? कधी?’ आबांनी फोन ठेवला. काकांच्या मोबाइलवर तो कॉल अकरा सेकंदांचा दिसतो. तेव्हापासून दोघंही माझ्यासमोर एकमेकांचं नाव काढत नाहीत.

कानबाईला तीन आठवडे आहेत. पप्पांना त्या मुठीचं सांगू का? एकदा खोटं बोलल्यावर आता विश्वास ठेवतील का? आणि आबांना कळलं की मी सांगितलं, तर ते पुढच्या वर्षी मूठ भरतील का, ही खरी भीती आहे.

*

भरीतभाकरी: आधी काकूला विश्वासात घे. आमच्याकडे धुळ्यात भावकीत कितीही तंटा असो, रोटाचं आमंत्रण घरच्या बाईकडून जातं, त्यात कोणाचा मान जात नाही. काकूने तुझ्या आईला फोन करू दे. मुठीचं तू बोलूच नकोस.

तापीकाठ: वाटणीचा दावा टाका आणि मोकळे व्हा. हिस्सा कळला की भांडण संपतं.

धागाकर्ती: तापीकाठ, हिस्सा कोणीच मागितलेला नाही हो. भांडण त्याचं नाहीच.

रिटायर्ड अव्वल कारकून: पोरी, एक विचारतो. त्या हरकतीचं पुढे काय झालं? निकाल लागला की मागे घेतली? सातबाऱ्यावर फेरफार क्रमांक असतो, तो टाकून महाभूमीच्या साइटवर फेरफार उतारा काढ आणि शेवटच्या रकान्यातला शेरा वाच. आमच्या वेळी कित्येक जण हरकत टाकायचे आणि महिनाभरात गुपचूप मागे घ्यायचे. घरी मात्र कोणाला सांगायचे नाहीत.

*

धागाकर्ती (नऊ दिवसांनी): काका, उतारा काढला. शेरा आहे: हरकतदाराने हरकत मागे घेतल्याने नोंद मंजूर. मला हे माहीतच नव्हतं. आबांनाही नाही, ते आजवर समजतात की साहेबांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. रविवारी नाशिकला गेले आणि पप्पांसमोर प्रिंट ठेवली. एकदा वाचली, उलटी करून ठेवली आणि म्हणाले, ‘हे कुठून काढलंस?’ मग टीव्हीचा आवाज वाढवला.

काकूचा आईला फोन येऊन गेला. भरीतभाकरी, तुमचा सल्ला बरोबर होता, आईने लगेच भावासाठी नवा सदरा आणला. मुठीचं मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. प्रिंट माझ्या बॅगेत आहे. ती आबांना आधी दाखवायची की कानबाई झाल्यावर, ते तेवढं सांगा. माझ्या मते आधी नको, सणात कागद नको वाटतो.

आत्ता हे लिहिताना पप्पांचा मेसेज आलाय: ‘सोमवारी विसर्जन किती वाजता असतं? मला सेकंड शिफ्ट आहे.’