मदत हवी आहे: वळणाच्या जिन्याला स्टेअरलिफ्ट, म्हणजे जिन्यालगतच्या रेलवरून वर-खाली जाणारी खुर्ची (नाशिक)

नमस्कार मंडळी,

इंदिरानगरला आमचं रो हाऊस आहे. खाली हॉल, स्वयंपाकघर आणि जिन्याखाली भारतीय पद्धतीचा संडास. झोपायच्या खोल्या, बाथरूम, कमोड सगळं वर. सासूबाई ७८ वर्षांच्या. मागच्या वर्षी अर्धांगवायूचा सौम्य झटका येऊन गेला, डावी बाजू अजून कमजोर आहे. सपाट जमिनीवर काठी घेऊन चालतात, खुर्चीच्या हाताला रेटा देऊन आपल्या आपण उठतात. जिना मात्र एक जण पुढे, एक जण मागे असल्याशिवाय होत नाही. मी आणि हे कामावर गेलो की त्या संध्याकाळपर्यंत वरच. "कोंडून घातलंय मला" म्हणतात, आणि त्यात खोटं काही नाही.

हॉलमध्ये पलंग टाका, हा सल्ला सगळ्या नातेवाइकांनी देऊन झालाय. येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर झोपायला त्यांचा साफ नकार आहे आणि मला तो पटतो. तेव्हा तेवढं सोडून बोला.

जिना असा आहे: ८ पायऱ्या, लँडिंगवर पूर्ण उलटं वळण, पुन्हा ८ पायऱ्या. रुंदी ३ फूट, पायऱ्यांवर ग्रॅनाइट. चढताना भिंत उजव्या हाताला, कठडा डावीकडे. पहिल्या पायरीला लागूनच स्वयंपाकघराचं दार.

दोन जणांकडून कोटेशन आलंय. एक म्हणतो, जिन्याच्या मापाने वळणाची अखंड रेल बनवून घ्या. दुसरा म्हणतो, दोन सरळ रेल बसवू, लँडिंगवर एका खुर्चीतून उठून दुसरीत बसायचं. पहिल्याचा आकडा दुसऱ्याच्या दुपटीहून जास्त आहे. दुसरा तर व्हॉट्सअ‍ॅपवरचे फोटो बघूनच अ‍ॅडव्हान्स मागतोय. सासूबाई बसतात-उठतात कशा, हे दोघांपैकी एकानेही विचारलं नाही.

दोन रेलवाला प्रकार कुणी वापरलाय का? ग्रॅनाइट तडकतं का? महावितरण मेंटेनन्ससाठी लाइट घालवतं तेव्हा काय? आणि खाली आलेली रेल दारात आडवी येईल, त्याला काही उपाय?

सातपूरकर:
आमच्या वडिलांसाठी बसवली आहे, सरळ जिना. लाइटची काळजी सोडा. खुर्ची चालते ती बॅटरीवरच, १२ व्होल्टच्या दोन. लाइटीचं काम फक्त चार्जिंगचं, त्यामुळे लाइट गेली तरी काही फेऱ्या आरामात होतात. मात्र खुर्ची रेलच्या टोकाला नेऊनच थांबवायची, चार्जिंग तिथेच होतं. आमच्याकडे कामवाल्या मावशी बिलाच्या काळजीने बटण बंद करायच्या आणि बॅटरी उतरायची. आता त्या बटणावर चिकटपट्टी आहे.

रेलचं वजन भिंतीवर नसतं, ब्रॅकेट पायऱ्यांमध्ये बोल्टने बसतात. ग्रॅनाइटला हॅमर मोडवर ड्रिल लावू देऊ नका. डायमंड बिट, पाणी सोडत, सावकाश. बोल्ट खाली काँक्रीटपर्यंत गेला पाहिजे, नुसत्या फरशीत नाही.

दारासाठी सरळ रेलला बिजागरीचा तुकडा मिळतो, तो वर दुमडतो. वळणाच्या रेलला तळाशी आणखी एक वळण देऊन खुर्ची बाजूच्या भिंतीला लावता येते. तुमच्या दाराला हे दुसरं बरं.

व्यायामवाली:
मी फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून जरा कडक बोलते. दोन रेल नको. असे पेशंट अनेकदा खुर्चीतून उठताना-बसतानाही पडतात. तो प्रकार तुम्ही लँडिंगवर नेऊन ठेवणार, जिथून एक पाऊल चुकलं की खाली ८ पायऱ्या! दिवसातून एकदा वर-खाली केलं तरी दोन जादा उठबशी.

चालवायचं बटण खुर्चीच्या उजव्या हातावर मागा. पट्टा एका हाताने लागतो का ते त्यांच्याकडूनच करून बघा. वर पोचल्यावर खुर्ची वरच्या मजल्याच्या सपाट जागेकडे फिरते, ते मोटरवर असेल तर उत्तम. लिव्हर असेल तर तोही उजवीकडे हवा. आणखी एक: झटक्यानंतर काहींना कमजोर बाजूचं भान राहत नाही, पाय फूटरेस्टवरून घसरला तरी कळत नाही. फूटरेस्टला अडथळा लागला की खुर्ची थांबते, पण नुसता पाय लोंबला तर थांबेलच असं धरू नका. डेमोमध्ये त्यांना स्वतःला बसवल्याशिवाय पैसे देऊ नका.

जुना भाडेकरू:
वळणाची रेल दुसऱ्याच्या जिन्याला बसत नाही, तेव्हा पुढे विकायला गेलात तर रेलचे जवळपास काहीच येत नाहीत. परत घेण्याची बोली आत्ताच लेखी करा. सर्व्हिसचा माणूस नाशिकचा की मुंबईहून येणार, तेही लेखी. कुणी घरगुती उभी लिफ्ट सुचवेल, तर तिला २०१७ च्या राज्याच्या लिफ्ट कायद्याप्रमाणे परवानगी आणि परवाना लागतो, शिवाय स्लॅब फोडावा लागेल.

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार. दोन रेलवाल्याला नकार कळवला. वळणवाल्याला आधी माप घ्यायला घरी बोलावलंय, रेल भिंतीच्या बाजूने हवी असंही सांगितलंय, म्हणजे आम्हाला धरायला कठडा मोकळा राहील. त्याच्याकडे डेमोला फक्त सरळ रेल आहे. नाशिकमध्ये कुणाकडे वळणाची बसवलेली असेल आणि सासूबाईंना एकदा बसून बघता येणार असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. आम्ही गाडीने घेऊन येऊ, फक्त घरात शिरायला पायऱ्या किती आहेत ते आधी सांगा.