आर-२२ जाणार, २०२८ ला एचएफसीवरही मर्यादा: आम्ही दुरुस्तीवाल्यांनी काय तयारी करायची?

मिरजेचा_गारवा

नमस्कार मंडळी. मिरजेत माझं एसी-फ्रिज दुरुस्तीचं दुकान आहे, हाताखाली दोन पोरं आहेत. उन्हाळ्याची धावपळ सुरू व्हायच्या आधी एक विषय नीट समजून घ्यायचाय, कारण बाजारात जो तो वेगळं सांगतोय.

गॅसचा व्यापारी म्हणतो, आर-२२, म्हणजे जुन्या एसीत थंडावा देणारा गॅस, आता मिळेनासा होईल, सिलिंडर भरून ठेवा. दुसरा म्हणतो, २०२८ ला नव्या एसीतला आर-३२ सुद्धा बंद, सगळं प्रोपेनवर जाणार. तिसऱ्याने तर सल्ला दिला की जुन्या आर-२२ च्या मशिनमध्ये सरळ हायड्रोकार्बन (प्रोपेनसारखा गॅस) भर, गारवा चांगला पडतो आणि लाइटबिलही कमी येतं. माझी बरीचशी गिऱ्हाइकं म्हणजे छोटे दवाखाने, मेडिकल, लॅब. त्यांचे एसी जुने आहेत. त्यांना काय सांगू?

दुसरा प्रश्न मला जास्त सतावतो. मशिन उतरवताना आतला गॅस सर्रास हवेत सोडला जातो. नट सैल केला की झालं. हे मला पटत नाही. पण आतला गॅस ओढून सिलिंडरमध्ये भरणारं रिकव्हरी मशिन घेतलं तर त्याचे पैसे कुणाकडून काढू? गिऱ्हाईक गॅस भरायचे पैसे देतं, काढायचे देत नाही. आणि काढलेला गॅस नेऊन द्यायचा कुठे? सरकारचं धोरण नेमकं काय आहे आणि त्यात आमची जागा कुठे, हे कुणी जाणकार सांगेल का?

निदेशक_आरएसी

भाऊ, मी आयटीआयत हाच ट्रेड शिकवतो. तुमचा दुसरा प्रश्न वाचून फार बरं वाटलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करा. आर-२२ जातोय तो ओझोनमुळे. तो एचसीएफसी, म्हणजे ओझोनचा थर विरळ करणाऱ्या गॅसांपैकी, आणि तो थर वाचवायला झालेल्या १९८७ च्या माँट्रियल कराराखाली येतो. आपल्याकडे ३१ डिसेंबर २०२४ नंतर नवीन उपकरण बनवताना एचसीएफसी वापरायला बंदी आहे. चालू मशिनच्या दुरुस्तीला मात्र तो मिळत राहील. पुरवठा २०३० पर्यंत उतरत जाईल आणि त्यानंतरही २०४० पर्यंत दुरुस्तीपुरता अगदी थोडा हिस्सा राखून ठेवलेला आहे. तेव्हा साठा करू नका. भीतीपोटी खरेदी वाढली की भेसळीचा गॅस बाजारात येतो आणि कॉम्प्रेसर गिऱ्हाइकाचा जातो.

आर-१३४ए, आर-४०४ए, आर-४१०ए, आर-३२ हे एचएफसी. ओझोनला यांचा त्रास नाही, पण वातावरण तापवण्यात ते जबर आहेत. त्यांच्यासाठी ऑक्टोबर २०१६ मध्ये रवांडातल्या किगालीला माँट्रियल करारातच दुरुस्ती झाली. भारताने २०२१ च्या सप्टेंबरात तिला मान्यता दिली. भारत ज्या देशांच्या गटात आहे, त्या गटातल्या देशाची मर्यादा २०२४ ते २०२६ या तीन वर्षांच्या सरासरी वापरावरून ठरते, त्यात एचसीएफसी कमी करण्यासाठी आधीच ठरलेल्या मूळ पातळीचे ६५ टक्के मिळवायचे. २०२८ पासून त्या मर्यादेच्या वर जायचं नाही. मग २०३२ ला १० टक्के कपात, २०३७ ला २०, २०४२ ला ३० आणि २०४७ ला थेट ८५ टक्के. म्हणजे २०२८ ला आर-३२ बंद होतो हे साफ खोटं आहे. त्या वर्षी वाढ थांबवायची आहे.

हा हिशेब नुसत्या किलोत होत नाही. प्रत्येक गॅस कार्बन डायऑक्साइडच्या किती पट तापवतो, त्याने वजनाला गुणतात. आर-४०४ए ३९२२ पट, आर-४१०ए २०८८, आर-३२ ६७५ आणि प्रोपेन म्हणजे आर-२९० फक्त ३. आर-४१०ए सोडून आर-३२ वर गेलं की तेवढ्याच किलोला आकडा एक तृतीयांशावर येतो. कंपन्यांनी हे पाऊल उचललंय आणि ते चांगलंच झालं. पण ती सोपी कपात होती. सरकारच्या २०१९ च्या शीतकरण कृती आराखड्याचा अंदाज असा, की २०३७-३८ पर्यंत देशाची थंडाव्याची गरज २०१७-१८ च्या सुमारे आठपट होईल. इतके एसी आर-३२ वर चालवून २०४७ ची ८५ टक्क्यांची पायरी उतरता येणार नाही.

आता तुमची जागा. या धोरणात मोजणी होते ती कारखान्याच्या दारात आणि बंदरावर: किती बनवला, किती आणला, किती बाहेर पाठवला. हवेत मात्र तो जातो गच्चीवर, जिन्यात, दवाखान्याच्या मागच्या भिंतीला लटकलेल्या आउटडोअरमधून. आर-२२ चा आकडा १८१०. जुन्या स्प्लिटमधला किलोभर गॅस सोडला की जवळपास १.८ टन कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं झालं, आणि वर ओझोनचं नुकसान वेगळं. तिथे मोजायला कुणीही नसतं.

सरकारने मनावर घेतलं तर होतं, याचं उदाहरण आपल्याच देशात आहे. आर-२२ बनवताना एचएफसी-२३ नावाचा जोडवायू तयार होतो, १४,८०० पट तापवणारा. १३ ऑक्टोबर २०१६ ला, किगालीची बोलणी चालू असताना, सरकारने उत्पादकांना आदेश दिला की हा वायू स्वतःच्या खर्चाने जाळून नष्ट करा. कारखाने मोजके, त्यामुळे आदेश पाळून घेता आला. आपण दुरुस्तीवाले लाखोंच्या संख्येने पसरलेले आहोत. आराखड्यात २०२२-२३ पर्यंत एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देण्याचं उद्दिष्ट होतं. प्रशिक्षणाचे वर्ग मी स्वतः घेतलेत, मुलं मनापासून शिकतात. पण प्रमाणपत्र नसलेल्यालाही दुकानात सिलिंडर मिळतोच. शिकलेला पोरगा व्हॅक्यूम धरतो, म्हणजे पंपाने पाइपातली हवा काढतो, वजन करून गॅस भरतो, म्हणून त्याला वेळ जास्त लागतो. न शिकलेला टॉप-अप करून, म्हणजे आहे त्यातच वरून गॅस भरून, निम्म्या पैशात निघून जातो आणि काम त्यालाच मिळतं. याचा मला संताप येतो. प्रमाणपत्राशिवाय गॅस विकायचा नाही, एवढा एक नियम आला तरी पुष्कळ बदलेल.

शेवटचं, आणि हे काळ्या दगडावरची रेघ समजा: आर-२२ च्या मशिनमध्ये प्रोपेन किंवा कुठलाही हायड्रोकार्बन भरू नका. गारवा पडतो हे खरं, म्हणूनच लोक फसतात. आर-२९० जोरात पेट घेतो. त्याच्या मशिनची रचनाच निराळी असते: गॅस फार थोडा, ठिणगी उडू शकेल असे विजेचे भाग बंदिस्त, खोली केवढी हवी याचं बंधन आणि वर इशाऱ्याचं लेबल. गोदरेजने २०१२ पासून असे एसी बाजारात आणले, त्यांची लाइन इथे शिरवळला उभी राहिली. ते यंत्र मुळापासून त्या गॅससाठी बनलेलं आहे. दवाखान्यातल्या जुन्या स्प्लिटला यातलं काहीच नाही आणि खोलीत पेशंट बसलेले असतात.

गिऱ्हाइकांना सांगा: आधी लीक शोधून बुजवू, मग आर-२२ भरू. कॉम्प्रेसर गेला असेल किंवा कॉइल सडली असेल तर त्यावर पैसे घालू नका, नवीन घ्या.

तासगाव_शीतगृह

निदेशक सरांनी घरच्या एसीचं सांगितलं, मी मोठ्या यंत्रांचं सांगते. तासगाव भागात बेदाण्याच्या शीतगृहात काम करते. आमच्याकडे अमोनिया. ना ओझोनला धोका, ना तापमानवाढ, दोन्ही आकडे शून्य. स्वस्तही आहे. पण विषारी, आणि तांब्याला खातो, म्हणून सगळी लाइन लोखंडी. थोडा जरी सुटला तरी नाक-डोळे सांगतात, त्यामुळे गळती लपून राहत नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. नवीन छोटी युनिट्स उभारताना, द्राक्षाचं प्रीकूलिंग (काढणीनंतर लगेच थंड करणं) असो की दूध थंड करायच्या टाक्या, लोक आर-४०४ए घेतात, कारण ते जोडून तयार मिळतं आणि अमोनियाचा प्रशिक्षित ऑपरेटर ठेवावा लागत नाही. ३९२२ पट! ही यंत्रं पुढची पंधरा-वीस वर्षं गावोगाव चालणार आणि थोडी थोडी गळत राहणार. शीतसाखळीला सरकारी अनुदान मिळतं. ते देताना आत कुठला गॅस आहे, हे पाहून कमी-जास्त द्यायला काय हरकत आहे? शेतकरी अनुदान बघूनच यंत्र निवडतो.

ओस्लोकर_सांगलीचा

ताई, तुमच्या मुद्द्याला इथलं उदाहरण जोडतो. मी मूळचा सांगलीचा, नॉर्वेत सुपरमार्केटच्या रेफ्रिजरेशनवर काम करतो. इथे २००३ पासून एचएफसीवर कर आहे, तोही जितकी पट जास्त तितका जास्त. त्यामुळे आर-४०४ए इतका महाग पडतो की दुकानदार आपणहून दुसऱ्या गॅसची चौकशी करतो. दुसरं, २००४ पासून वापरलेला गॅस नष्ट करायला दिला की त्याच दराने पैसे परत मिळतात. मिरजेच्या दादांनी विचारलं ना, काढायचे पैसे कोण देणार? इथे ते असे मिळतात. प्रमाणपत्राशिवाय सिस्टिमला हात लावता येत नाही, हेही आहेच.

माझं रोजचं काम कार्बन डायऑक्साइडच्या रॅकवर (अनेक कॉम्प्रेसर एकत्र जोडलेल्या यंत्रावर) असतं, म्हणजे आर-७४४, ज्याचा आकडा १. हा जुनाच गॅस, मधल्या काळात मागे पडलेला. त्याला १९८० च्या दशकाच्या अखेरीस इथल्याच ट्रॉन्डहाइम शहरातल्या गुस्ताव लोरेंट्सेन या प्राध्यापकांनी पुन्हा पुढे आणलं. फक्त आपल्या हवेत एक अडचण आहे. ३१ अंशांच्या वर तो द्रवरूप होत नाही, त्यामुळे सांगलीच्या एप्रिलमध्ये साधी सिस्टिम वीज जास्त खाते. यावर उपाय निघताहेत. आयआयटी मद्रासमध्ये ट्रॉन्डहाइमच्या विद्यापीठासोबत नेमकं उष्ण हवेसाठीच काम चाललंय.

मिरजेचा_गारवा

सर, ताई, दादा, मनापासून आभार. हायड्रोकार्बनचा विषय माझ्यापुरता संपला, पोरांनाही सांगितलं. व्यापाऱ्याला साठा नको म्हणून कळवलं.

नॉर्वेसारखा परतावा आपल्याकडे यावा, असं फार वाटतं. तोवर एक विचार आलाय. मिरज-सांगलीत माझ्या ओळखीची पाच-सहा दुकानं आहेत. सगळ्यांनी मिळून एकच रिकव्हरी मशिन घेतलं तर? ज्याचं काम त्याने न्यायचं. सर, यात तांत्रिक अडचण काय येईल?

निदेशक_आरएसी

उत्तम विचार आहे, जरूर करा. काही गोष्टी सांभाळा. मशिन आर-३२ लाही चालेल असं, पेट घेणाऱ्या गॅससाठी मान्य असलेलंच घ्या, नाहीतर दोन वर्षांत निरुपयोगी ठरेल. प्रत्येक गॅसला वेगळा रिकव्हरी सिलिंडर ठेवा आणि त्यावर ठळक नाव लिहा. आर-२२ मध्ये आर-४१०ए मिसळला की तो पुन्हा वापरता येत नाही आणि दुकानात वेगळाही करता येत नाही. सिलिंडर ८० टक्क्यांच्या वर कधीही भरू नका, उन्हात द्रव फुगतो. म्हणून वजनकाटा मशिनइतकाच महत्त्वाचा.

एसी हलवताना काढलेला गॅस स्वच्छ असेल तर त्याच मशिनमध्ये परत भरता येतो. तिथे गिऱ्हाइकाचे नवीन गॅसचे पैसे वाचतात, त्यातला थोडा हिस्सा तुम्ही मजुरी म्हणून मागू शकता. जळालेल्या कॉम्प्रेसरचा गॅस मात्र आम्लयुक्त असतो, तो वेगळा ठेवा.

दुकानांची नावं जमली की कळवा. एखाद्या रविवारी मशिन घेऊन मिरजेला येतो आणि सगळ्यांच्या पोरांना प्रत्यक्ष करून दाखवतो. येताना आर-२२ आणि आर-३२ चा एकेक चालू एसी तयार ठेवा.