पाइपचा जोड ०.८५ केला, तरी ताण हलेना

चिकोडीकर:
आमच्या साखर कारखान्यात वाफेची १० इंची लाइन बदलतोय, गाळपाआधी काम संपवायचंय. पाइप इआरडब्ल्यू आहे, म्हणजे पत्रा वळवून लांबीची शिवण विजेने जोडलेला. आतून बोट फिरवलं की शिवणीचा बारीक कंगोरा लागतो. कोड बी३१.३ (प्रक्रिया पायपिंगचे अमेरिकन नियम). सीझर टू या पाइप-ताणाच्या सॉफ्टवेअरमध्ये जोड-कार्यक्षमता (शिवणीच्या ताकदीचा गुणक) १ ची ०.८५ केली, तरी वजनाचा आणि प्रसरणाचा ताण तसूभर बदलला नाही. इनपुट चुकलं का?

निपाणी_पायपिंग:
नाही दादा, बरोबर आहे. ०.८५ लांबीच्या शिवणीसाठी. आतला दाब पाइप फाडू बघतो तो गोलाईच्या दिशेने, म्हणून हा गुणक जाडीच्या सूत्रात बसतो. वजन आणि प्रसरण पाइपला वाकवतात. तो ताण शिवणीला समांतर धावतो, शिवण उघडत नाही. म्हणून तिथे कोडही हा गुणक मागत नाही. तुमचा व्यास २७३ मिमी. दाब १० बार, पाइपचा अनुज्ञेय ताण १३८ मेगापास्कल धरला तर दाबासाठी लागणारी जाडी ०.९९ ची १.१६ मिमी होते. गंज आणि मिल टॉलरन्स (पाइप बनताना जाडीत पडणारी तूट) वेगळे.

चिकोडीकर:
म्हणजे साइटवरच्या गोल वेल्डला हा आकडा नाहीच? मी तोच समजत होतो.

खानापूरचा_सुपरवायझर:
नाहीच. आणि सर, बॉयलरकडची लाइन बी३१.१ (पॉवर पायपिंगचा कोड) मध्ये असेल तर जपा. त्याच्या तक्त्यातल्या अनुज्ञेय ताणात हा गुणक आधीच धरलेला असतो. पुन्हा ०.८५ ने गुणलंत तर दुहेरी कपात होईल. मी ते एकदा केलंय, पाइप उगाच जाड मागवला होता.