बँकेचा सर्च रिपोर्ट असताना घर घेताना स्वतःचा वकील करावा का?

मृणाल_कर्वेनगर

"बँकेने कर्ज मंजूर केलंय, म्हणजे कागद क्लिअर आहेत." घर घेणाऱ्या दहातल्या नऊ जणांच्या तोंडी हे वाक्य असतं. मला ते धोक्याचं वाटतं, म्हणून हा धागा काढतेय.

बँकेच्या पॅनेलवरचा वकील सर्च रिपोर्ट, म्हणजे जुन्या नोंदी तपासून मालकीबद्दल दिलेला अहवाल, देतो तो बँकेला. फी आपल्याकडून कापतात, पण रिपोर्ट लागतो बँकेच्या फाइलला. आपल्याला बहुतेक वेळा त्याची झेरॉक्ससुद्धा मिळत नाही. उद्या हप्ते थकले तर हे घर विकून पैसे वसूल होतील का, एवढाच त्यांचा प्रश्न असतो. आणि दस्त नोंदवणारा दुय्यम निबंधक? मुद्रांक शुल्क भरलंय का आणि सही करायला आलेली माणसं तीच आहेत का, हे तो बघतो. विकणारा खरा मालक आहे का, हे शोधणं त्याचं काम नाही.

माझ्या दिरांनी २०२२ मध्ये कोथरूडला रिसेल, म्हणजे आधीच्या मालकाकडून, फ्लॅट घेतला. शेअर सर्टिफिकेट विकणाऱ्याच्या नावावर, सोसायटीची एनओसी हजर, बँकेचा होकार. आम्ही केलेल्या वकीलबाईंनी पहिलाच प्रश्न टाकला, "फ्लॅट मूळ वडिलांच्या नावावर होता ना? मग बहिणी किती?" बहिणी दोन निघाल्या. सोसायटीने फ्लॅट मुलाच्या नावे केला होता तो नॉमिनेशनवरून, आणि नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. वारसांचा हक्क तसाच राहतो. बहिणींनी हक्कसोडपत्र, म्हणजे आपला वाटा सोडल्याचा कागद, दिलं होतं, पण नुसतं स्टॅम्प पेपरवर नोटरी करून. स्थावर मालमत्तेचं हक्कसोडपत्र नोंदणीकृतच लागतं. बाईंनी दोघींना बोलावून ते रीतसर नोंदवून घेतलं आणि मगच टोकननंतरची पुढची रक्कम देऊ दिली.

पुण्यात ७० लाखांच्या घरावर ७ टक्क्यांनी ४ लाख ९० हजार मुद्रांक शुल्क आणि वर ३० हजार नोंदणी फी आपण निमूट भरतो. वकिलाची फी द्यायची वेळ आली की मात्र घासाघीस. माझं म्हणणं सरळ आहे: घर नवं असो वा जुनं, स्वतःचा वकील हवाच.

अनिकेत_ठाणे

मृणालताई, रिसेलचं पटलं. "घर नवं असो वा जुनं" हे नाही पटलं.

नवीन प्रकल्पात वकील काय करणार? बिल्डर करारातला स्वल्पविरामही बदलत नाही. "सगळ्यांना हाच करार आहे सर, नसेल जमत तर टोकन परत घ्या" हे मी स्वतः ऐकलंय. आणि बिल्डरच्या प्रकल्पांची नोंदणी करणारं सरकारी प्राधिकरण, महारेरा, २०१७ पासून आहेच की. नोंदणीकृत करार केल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त पैसे घेता येत नाहीत. ताबा लांबला तर व्याज मागता येतं, बांधकामात दोष निघाला तर ताब्यापासून ५ वर्षं बिल्डर बांधील. हे सगळं कायद्यात लिहिलंय, ते वाचून दाखवायला वेगळी फी कशाला? महारेराच्या साइटवर प्रकल्पाच्या पानावर टायटल रिपोर्ट (मालकीचा अहवाल), कमेन्समेंट सर्टिफिकेट (बांधकाम सुरू करायची परवानगी), मसुदा करार सगळं असतं. एक रविवार द्या आणि वाचा.

दुसरं म्हणजे, वकील वकील म्हणतो तो आणतो कोण? निम्म्या वेळा एजंट. "आपले वकीलसाहेब आहेत, सगळं करून देतील." ते एजंटचा व्यवहार मोडणार आहेत का?

डोंबिवलीकर

अनिकेत, महारेराच्या पानावर विसंबून राहू नका, हे कळकळीने सांगतोय. आमच्या कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींनी महापालिकेच्या खोट्या परवानग्या दाखवून महारेरा नोंदणी मिळवली होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडायचा आदेश दिला. लोकांनी कर्ज काढून घरं घेतली होती. त्यांच्याकडे महारेरा क्रमांक होता, बँकेचं मंजुरीपत्र होतं, नोंदणीकृत करार होता. पोरंबाळं घेऊन राहायला आलेल्या या माणसांनी नेमकं काय चुकवलं होतं, सांगा.

तो कागद खरा आहे का, हे महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन विचारणारं कोणी हवं होतं. ते काम वकील करतो किंवा आपण माहिती अधिकारात अर्ज टाकून करतो. पण केलं पाहिजे.

अनिकेत_ठाणे

त्या प्रकरणाने मीही हललो होतो. पण मला खरं सांगा, साधा फ्लॅट घेताना किती वकील महापालिकेत जाऊन परवानगीचा जावक क्रमांक ताडून बघतात? बहुतेक जण बिल्डरने दिलेल्याच फाइलवरून चार पानं टाइप करतात आणि शेवटी "मार्केटेबल टायटल", म्हणजे मालकी निर्वेध आहे, असं लिहून सही ठोकतात. असा वकील केला काय, न केला काय. उलट आपण गाफील होतो.

सीए_नाशिक

कायद्याचं चाललंय ते चालू द्या, पण इथे करांबद्दल कोणी चकार शब्द काढलेला नाही, आणि माझ्याकडे रडत येणारी माणसं बहुतेक करांमुळेच येतात.

घर ५० लाख किंवा त्याहून जास्त किमतीचं असेल, तर १ टक्का टीडीएस, म्हणजे विकणाऱ्याच्या पैशातून आधीच कापायचा आयकर, *घेणाऱ्याने* कापून भरायचा असतो. ७२ लाखांचं घर असेल तर विकणाऱ्याला ७१ लाख २८ हजार आणि सरकारला ७२ हजार. कापलेल्या महिन्याच्या अखेरीपासून ३० दिवसांत भरला नाही तर दिवसाला २०० रुपये विलंब शुल्क लागतं, व्याज वेगळं. नवरा-बायको घेणारे आणि नवरा-बायकोच विकणारे असतील, तर प्रत्येक जोडीचा हिशोब वेगळा दाखवावा लागतो. हे वकिलाने सांगायचं की सीएने, यात दोघंही गप्प बसतात आणि नोटीस येते ती तुम्हाला.

तीच गोष्ट रेडी रेकनरची, म्हणजे सरकारने ठरवलेल्या जागेच्या दराची. करारातली किंमत रेकनरपेक्षा १० टक्क्यांहून जास्त कमी दाखवली, तर मधला फरक घेणाऱ्याचं उत्पन्न धरून त्यावर कर लागतो. "थोडे रोखीत द्या, स्टॅम्प ड्युटी वाचेल" असं सांगणाऱ्याला हे विचारा. आणि बांधकाम चालू असताना ५ टक्के जीएसटी आहे, परवडणाऱ्या घरांना १. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे राहायला जायची परवानगी, मिळालेल्या घराला तो नाही. घर कोणत्या टप्प्यावर घ्यायचं हे ठरवतानाच हा हिशोब मांडायला हवा.

मृणाल_कर्वेनगर

अनिकेत, चार पानं टाइप करणारे वकील आहेत, हे मी नाकारत नाही. म्हणून तर एजंटने सुचवलेला घेऊ नये. फी ठरवतानाच विचारायचं: ३० वर्षांचा सर्च घेणार का? इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या व्यवहाराचा सरकारी उतारा, स्वतः काढणार का? जाहीर नोटीस देणार का? पेपरात खालच्या बाजूला "तमाम लोकांस कळविण्यात येते की..." अशी बारीक चौकट असते ना, तीच. चौदा-पंधरा दिवसांत हरकत मागवतात. ती वाचून एखादा वारस पुढे आला तर व्यवहाराआधीच आला, हे आपल्या भल्याचंच.

आणि करार बदलत नसला तरी वाचून घ्यायचा असतो सही करायची की नाही हे ठरवायला. टोकन परत घेऊन दुसरं घर बघणं हाही वकिलाच्या सल्ल्याचाच भाग आहे.

रंजना_सातारा

तुम्ही सगळे सत्तर लाखांच्या गोष्टी करताय. मी गावात अर्धा गुंठा जागा आणि दोन खोल्या घेतेय, सात लाखांत. तालुक्याचे वकील सांगतात ती फी मला दोन महिन्यांच्या पगाराएवढी आहे. आमच्यासारख्यांनी काय करायचं?

मृणाल_कर्वेनगर

रंजनाताई, जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. १९८७ च्या कायद्याने स्त्रियांना तिथे मोफत मदत मिळते, उत्पन्नाची अट नाही. १५१०० वर फोन करूनही विचारता येतं.

अनिकेत_ठाणे

ताई, ते सल्ला देतील, कोर्टात वकीलही देतील. तीस वर्षांचा सर्च काढून देतील असं धरून चालू नका. रंजनाताई, तुम्ही आधी सातबारा आणि त्यावर लिहिलेले सगळे फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदी, काढा. त्या फेरफारांत वारसांची नावं असतात. मुख्य म्हणजे अर्ध्या गुंठ्याचा व्यवहार नोंदवता येतो का, तुकडेबंदीत, म्हणजे जमिनीचे फार छोटे तुकडे विकायला मनाई करणाऱ्या कायद्यात, अडकतो का, हे दुय्यम निबंधक कार्यालयात विचारल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. नुसत्या नोटरीवर तर अजिबात नको. हे कागद घेऊन प्राधिकरणात गेलात तर त्यांनाही नेमकं काही सांगता येईल.

डोंबिवलीकर

एक शंका, सीएसाहेब. माझ्या मेव्हण्याच्या व्यवहारात विकणारे दुबईत असतात, सही त्यांचा भाऊ करणार. एजंट म्हणतो टीडीएस तोच, १ टक्का.

सीए_नाशिक

मुळीच नाही. विकणारा करासाठी अनिवासी असेल तर ५० लाखांची मर्यादाही नाही आणि १ टक्काही नाही, कितीतरी जास्त कापावा लागतो. कमी कापायचा असेल तर विकणाऱ्याने आयकर खात्याकडून तसं प्रमाणपत्र आणायचं. कमी कापलात तर वसुली मेव्हण्याकडून. भावाचं कुलमुखत्यारपत्रही, म्हणजे विकणाऱ्याच्या वतीने सही करायचा अधिकार देणारा कागद, बघा: दुबईत केलं असेल तर ते भारतात आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरलंय का? इथे मात्र मी मृणालताईंच्या बाजूने आहे, वकील आणि सीए दोघंही लागतील. टोकन दिलंय का अजून?

डोंबिवलीकर

नाही. उद्या द्यायचं होतं. थांबवतो.