आठशे मीटर, नऊ जणी आणि बत्तीस वर्षं

माणदेशी:
१५ ऑगस्ट २०१६. आमच्या माण तालुक्याची ललिता बाबर रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांवरून उड्या मारत पळायच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत पळत होती. टीव्हीपुढं बसलेली आज्जी म्हणाली, "एवढ्या उड्या मारून हिच्या पिशवीला काय व्हत न्हाय का?"

मी हसलो. पण क्रीडा-इतिहासाच्या अभ्यासक पॅट्रिशिया व्हर्टिन्स्की यांचं संशोधन वाचलं, आणि एकोणिसाव्या शतकाअखेरचे भले भले डॉक्टरही हेच म्हणत होते असं दिसलं. पाळी म्हणजे दर महिन्याची जखम, अंगातली शक्ती मोजकी, ती मुलं जन्माला घालायला राखून ठेवा. आज्जीनं निदान प्रश्न विचारला होता, यांनी निदान करून टाकलं!

१९२८, ॲमस्टरडॅम. ऑलिंपिकमध्ये बायकांची पहिली ८०० मीटर शर्यत. जर्मनीची लीना राडके २ मिनिटं १६.८ सेकंदांत विश्वविक्रम करून जिंकली. जपानची किनुए हितोमी दुसरी, तीही १०० मीटरमध्ये बाद झाल्यावर यात उतरलेली. पळाल्या नऊ, पोचल्या नऊ. पेपरात छापून आलं की अकरा पळाल्या, पाच जणींनी मधेच सोडलं, पाच कोसळल्या. शर्यत बंद झाली ती थेट १९६० ला रोमला परत आली. शर्यतीनंतर पुरुषही आडवे होतात, त्याची बातमी होत नाही. माझं म्हणणं एवढंच: बाईच्या शरीराबद्दल निकाल आधी लागतो, पुरावा मागून गोळा होतो.

गणितवाला:
असहमत. १९२८ ची ती पेपरवाल्यांची थाप होती. तिचा आधार घेऊन आजच्या वादात उतरू नका, म्हणजे टेस्टोस्टेरॉन (पुरुषांत जास्त असणारं संप्रेरक) जास्त असलेल्यांना बायकांच्या गटात पळू द्यायचं का, या वादात. वरच्या पातळीवर पळण्यात स्त्री-पुरुषांत साधारण १० ते १२ टक्के फरक आहे. वेगळा गट नसता तर ललिता त्या फेरीत दिसलीच नसती. गट ठेवायचा तर कुंपण हवं, त्यात कोण बसतं ते ठरवणारं.

माणदेशी:
कुंपण हवंच. पण ते किती वेळा हललं बघा. १९६६ ला बुडापेस्टमध्ये महिला खेळाडूंना डॉक्टरांपुढं कपडे उतरवून उभं केलं. १९६८ ला मेक्सिको ऑलिंपिकमध्ये गुणसूत्रं तपासली. १९८५ ला जपानच्या कोबेमध्ये स्पेनची धावपटू मारिया होसे मार्तिनेस-पातिन्यो त्यात 'नापास' झाली. गुणसूत्रं एक्स-वाय, म्हणजे सहसा पुरुषांत असतात तशी, पण तिचं शरीर टेस्टोस्टेरॉनला दादच देत नव्हतं, म्हणजे फायदा शून्य. १९८८ ला तिला परत घेतलं, तोवर उमेदीची वर्षं गेली. आणि २०२५ पासून जागतिक ॲथलेटिक्स संघटनेची पुन्हा जनुक चाचणी. दरवेळी 'आता विज्ञान पक्कं आहे'.

गणितवाला:
चूक झाली, सुधारली. विज्ञान असंच चालतं. आपली धावपटू द्युती चंदचं घ्या. २०१५ ला आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादानं बायकांच्या गटासाठीचा टेस्टोस्टेरॉन मर्यादेचा नियम स्थगित केला आणि पुरावा आणा म्हणून दोन वर्षं दिली. २०१८ चा नवा नियम ४०० मीटर ते मैल एवढ्यालाच आला, द्युतीच्या १०० आणि २०० ला नाही. २०१९ ला दक्षिण आफ्रिकेची धावपटू कॅस्टर सेमेन्या याच नियमाविरुद्ध लवादात हरली, तेव्हा नियम भेदभाव करणारा आहे पण आवश्यक आहे, असं लवादानंच म्हटलं. यात लपवलेलं काय आहे?

मैदानातली ताई:
दोघंही शर्यत टीव्हीवर बघणारे दिसता. मी मुलींना पळवते. चौथी आलेली पोर माझ्याकडेच रडत येते, त्यामुळे गणितवाले साहेबांचं मला पटतं. आणि कुणाचे केस बारीक, आवाज जाड असला की "मॅडम, ही पोरगीच ना?" हे बाजूच्या संघाचे पालक मलाच विचारतात. जोरात, ती ऐकेल असं.

तमिळनाडूच्या शांती सौंदरराजननं २००६ ला दोह्यात आशियाई स्पर्धेत ८०० मध्येच रौप्य मिळवलं. चाचणीनंतर ते काढून घेतलं आणि तिची खासगी गोष्ट टीव्हीवर गेली. तुमची ही २०२५ ची नवी चाचणी आयुष्यात एकदाच, गालातून कापसाचा बोळा फिरवून. चालेल. फक्त राज्यातून पुढे गेलेल्या सतरा वर्षांच्या पोरीचा अहवाल आधी कोणाच्या हातात पडणार, ते सांगा. तिच्या, की संघटनेच्या?

गणितवाला:
तिच्याच हातात पडला पाहिजे, यात वाद नाही. चाचणी हवी, हे मात्र मी सोडत नाही.