'व्हेन्जन्स इज माइन': खुनाचं कारण न सांगणं हा प्रामाणिकपणा की पळवाट?

वाटसरू:
जपानी दिग्दर्शक शोहेई इमामुरांचा हा १९७९चा सिनेमा अकिरा निशिगुची या खऱ्या खुन्याच्या प्रकरणावर बेतलाय. ऑक्टोबर १९६३मध्ये दोघांना मारून तो फरार झाला आणि जानेवारी १९६४मध्ये सापडेपर्यंत त्यानं आणखी तीन बळी घेतले. पडद्यावर त्याचं नाव इवाओ एनोकिझू, काम केन ओगाताचं. फरार खुन्यावरचा इतका प्रामाणिक सिनेमा मी दुसरा पाहिलेला नाही, कारण 'त्यानं असं का केलं' याचं सोयीचं उत्तर तो देत नाही. मुळ्याच्या शेतातला पहिला खून आठवा. झटापट लांबते, दमछाक होते, आणि मग हा माणूस रक्ताळलेले हात स्वतःच्या लघवीनं धुतो. खुनाला कसलंही वलय उरत नाही.

मैत्रेयी_क:
साफ असहमत. उत्तर देत नाही कसं? बाप श्रद्धाळू कॅथलिक कोळी. नौदलाचे लोक बोटी मागायला येतात, बाप मान तुकवतो आणि पोरगा ते डोळ्यांदेखत बघतो. पुढे बाप आणि सून यांच्यातली ओढ, तो गरम पाण्याच्या कुंडातला प्रसंग. एवढं सगळं दाखवलं की प्रेक्षक बापाकडेच बोट दाखवणार. रेंतारो मिकुनींनी बाप अफाट उभा केलाय हे मान्य, पण म्हणूनच दोष त्याच्या माथी जास्त बसतो.

वाटसरू:
पेरलंय खरं, पण उगवू दिलेलं नाही. राग बापावर होता तर बापाच्या अंगाला हात का लागला नाही? शेवटच्या भेटीत बापच त्याला सुनावतो, की ज्यांनी तुझं काही वाकडं केलं नाही अशांनाच तू मारू शकतोस. मानसशास्त्राचं तयार उत्तर तिथेच कोसळतं.

रानमोगरा:
तुम्ही दोघंही बाप-लेकातच अडकलात. हामामात्सु शहरातल्या लॉजवाल्या हारूबद्दल कुणीच बोलत नाही, जिच्याकडे इवाओ प्राध्यापक म्हणून राहतो! मायुमी ओगावानं जीव ओतलाय तिच्यात. थिएटरमध्ये पोलिसांची सूचना पडद्यावर येते, आपला 'प्राध्यापक' कोण आहे हे तिला कळतं, तरी ती त्याला धरून राहते. ज्याच्या पैशावर लॉज चालतं तो तिला कसं वागवतो हे पाहिलं की तिचं हे धरून राहणं समजतं. आणि इवाओ तिचाच गळा आवळतो. तिथे 'कारण नाही' म्हटलं की तिचं मरण हा त्याच्या गूढपणाचा आणखी एक पुरावा होऊन बसतो. हामामात्सुत खरोखरच मायलेकी मारल्या गेल्या होत्या, हे विसरून कसं चालेल?

वाटसरू:
पण हारूच्या म्हाताऱ्या आईला इमामुरांनी केवढी जागा दिलीय! तीही खुनाची शिक्षा भोगून आलेली. ज्याला मारायचं होतं त्याला मारलंस का, असं ती इवाओला थेट विचारते. त्याला नीट ओळखलेलं असं दुसरं कोण आहे सिनेमात?

मैत्रेयी_क:
म्हातारीचा प्रसंग जबरदस्त, वादच नाही. पण तिचा प्रश्न माझ्याच बाजूनं जातो: मारायचा होता तो बापच. आणि शेवट? तारीख-ठिकाणाच्या पाट्या लावत बातमीसारखा चाललेला सिनेमा, आणि डोंगरावरून फेकलेली अस्थी एकदम हवेत थिजतात. हा मला चकवा वाटतो.

रानमोगरा:
मला तो शेवट खटकतो तो वेगळ्याच कारणानं. बाप आणि बायको अस्थी फेकतायत त्या खुन्याच्या. हारूच्या आणि तिच्या आईच्या अंत्यविधीला या सिनेमात एक दृश्यही मिळालेलं नाही. वाटसरू, प्रामाणिकपणाचा हिशेब मांडताना हे कुठे धरलंत ते सांगा.