बिड मिळालं नाही म्हणजे मुलीतच खोट? सोरोरिटीच्या रशबद्दल थोडं सविस्तर

आडवाट
परवा इथे एकांनी लिहिलं की अमेरिकेतल्या सोरोरिट्यांच्या (कॉलेजातल्या मुलींच्या निवडक संघटनांच्या) नियमांत आता वंश, धर्म काही उरलेलं नाही, तेव्हा बिड (सदस्यत्वाचं आमंत्रण) मिळालं नाही तर मुलीतच काहीतरी कमी असणार. हे वाचून गप्प बसवेना. ऑगस्टमध्ये रश, म्हणजे नव्या सदस्यांची निवड, संपल्यावर हिरमुसलेल्या पोरींना नेमकं हेच ऐकवलं जातं.

नियमात काय छापलंय त्याने काही ठरत नाही. ठरतं ते पहिल्या फेरीच्या रात्री. समजा कॅम्पसवर १० सोरोरिट्या आहेत आणि १,००० मुली. कोटा, म्हणजे प्रत्येक घराने (सोरोरिटीला इथे घर म्हणतात) घ्यायच्या नव्या मुली, आला साधारण १०० चा. पहिल्या फेरीत सगळ्या मुली सगळीकडे जातात. दुसऱ्या फेरीला कुठल्या घराने किती जणींना बोलवायचं हा आकडा घराच्या हातात नसतो, तो नॅशनल पॅनहेलेनिक कॉन्फरन्स या सोरोरिट्यांच्या राष्ट्रीय छत्रसंस्थेच्या रिलीज फिगर पद्धतीने येतो. मागच्या वर्षांत त्या घराने बोलावलेल्यांपैकी किती मुली परत आल्या, यावर तो बेतलेला असतो. ज्या घराला बहुतेक जणी हो म्हणतात, त्याला पहिल्याच रात्री शेकडो मुलींची नावं काढावी लागतात. जिथे कमी परततात, तिथे जास्त जणींना बोलावणं. हेतू चांगलाच आहे, शेवटपर्यंत झुलवून ऐनवेळी कोणाला सोडू नये.

पण त्यामुळे सगळ्यात मोठी चाळणी लागते ती सगळ्यात तुटपुंज्या माहितीवर. प्रचंड गोंगाट, उभ्याउभ्या काही मिनिटांचं बोलणं, तेवढ्यात दुसरी सदस्य येऊन मुलीला पुढे नेते, आणि दार बंद झालं की लगेच गुण भरायचे. शंभर चेहऱ्यांतून लक्षात कोण राहणार? जिचं नाव आधीच ऐकलेलं आहे ती. त्याच हायस्कूलची, कोणाच्या तरी धाकट्या बहिणीची मैत्रीण, जिची शिफारसपत्रं उन्हाळ्यातच पोचली ती. पुण्याहून किंवा न्यू जर्सीतल्या एडिसनहून थेट टस्कालूसाला, अलाबामा विद्यापीठात, गेलेली मुलगी इथे मागे पडते. तिच्यात काय कमी आहे, हे बघायला कोणाला वेळच मिळालेला नसतो.

काटेकोर
सोरोरिटी ही खासगी संस्था आहे, सरकारी नोकरी नव्हे. १९७४ मध्ये काँग्रेसने टायटल नाइनमधून (शिक्षणात लिंगभेदाला मनाई करणारा कायदा) सोशल फ्रॅटर्निटी आणि सोरोरिट्यांच्या सदस्यत्वाला सूट दिली. आपल्यात कोणाला घ्यायचं हे त्यांनीच ठरवायचं. शिफारसपत्रांची सक्ती आणि लेगसीचं (माजी सदस्यांच्या नात्यातल्या मुलींचं) प्राधान्य २०२० च्या आसपास बऱ्याच राष्ट्रीय संघटनांनी सोडलंय. जुनं गाऱ्हाणं किती उगाळायचं?

आडवाट
ती सूट लिंगापुरती आहे. तिच्या आधारावर वंश बघून नाकारता येत नाही.

आणि जुनं म्हणजे किती जुनं? सप्टेंबर २०१३. अलाबामा विद्यापीठाच्या क्रिमझन व्हाइट या विद्यार्थी वृत्तपत्राने छापलं की काही घरांतल्या मुली कृष्णवर्णीय उमेदवाराला घ्यायला तयार असताना माजी सदस्यांनी आडकाठी केली. वंशाची अट तेव्हाही कुठल्या नियमात नव्हती. याच विद्यापीठाच्या दारात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना अडवायला गव्हर्नर वॉलेस आडवे उभे राहिले त्याला तेव्हा ५० वर्षं झाली होती. बातमीनंतर अध्यक्ष ज्युडी बॉनर यांनी कंटिन्युअस ओपन बिडिंग सुरू करायला लावलं आणि घराची सदस्यमर्यादा ३६० पर्यंत वाढवली. फेऱ्या नाहीत, आकडे नाहीत, थेट बिड. मग कृष्णवर्णीय मुलींना बिडं मिळाली. मुली त्याच होत्या, पद्धत बदलली.

सुपारी
मग हा खटाटोप हवाच कशाला? बंद करून टाका. हार्वर्डने धाडस दाखवलं होतं.

काटेकोर
हार्वर्डचं पुढे काय झालं तेही सांगा. २०१६ मध्ये निर्बंध जाहीर केले, एकलिंगी क्लबच्या सदस्यांना संघाचं कप्तानपद नाही, मोठ्या शिष्यवृत्तींसाठी कॉलेजची शिफारस नाही. सोरोरिट्या पहिल्या मोडल्या, कोणी बंद झाल्या, कोणी सर्वांसाठी खुल्या. पुरुषांचे जुने, गडगंज फायनल क्लब मात्र बरेचसे टिकले. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बोस्टॉक निकालात लिंगभेदाच्या मनाईचा अर्थ व्यापक केला, त्यापुढे हे निर्बंध टिकणार नाहीत असं दिसलं आणि विद्यापीठाने ते मागे घेतले. मुलींचंच नुकसान झालं.

रानपाखरू
तुम्ही सगळे त्याच दारांवर का धडका देताय? आपल्या मुलींसाठी साउथ एशियन सोरोरिट्या आहेत की. डेल्टा फाय ओमेगा ह्यूस्टनची, कप्पा फाय गॅमा ऑस्टिनची, सिग्मा सिग्मा ऱ्हो न्यूयॉर्कच्या सेंट जॉन्सची, तिन्ही १९९८ च्या. डेल्टा कप्पा डेल्टा १९९९ ची. तिथे नाव तीनदा उच्चारून दाखवावं लागत नाही.

सुपारी
म्हणजे समावेशकतेचं उत्तर वेगळी चूल? अमेरिकेत जाऊनही आपण आपल्यातच राहायचं?

रानपाखरू
वेगळी चूल म्हणून हिणवू नका. कृष्णवर्णीयांच्या हॉवर्ड विद्यापीठात (हार्वर्ड नव्हे) १९०८ साली अल्फा कप्पा अल्फा ही कृष्णवर्णीय मुलींची सोरोरिटी उभी राहिली, १९१३ साली डेल्टा सिग्मा थीटा. दुसरीकडची दारं बंद होती म्हणून त्या उभ्या राहिल्या आणि आज पदवीनंतरही त्यांच्या शाखांतून आयुष्यभर काम चालतं. शिवाय साउथ एशियन सोरोरिट्यांत कुठल्याही वंशाची मुलगी येऊ शकते. माहिती न घेता बोलायचं आणि वर आम्हालाच संकुचित ठरवायचं, हे मला मान्य नाही.

आडवाट
रानपाखरू, त्या संघटनांबद्दल आदर आहे, पण फरक लपवू नका. तिथे एका वेळी मोजक्याच मुली घेतात, बहुतेक ठिकाणी स्वतःचं घर नसतं, आणि नवीन सदस्यांचं शिक्षण काही आठवडे चालतं: संस्थापिकांची नावं, ग्रीक वर्णमाला, इतिहास, शेवटी सगळ्यांसमोर प्रोबेट, म्हणजे नव्या सदस्यांना जाहीरपणे पुढे आणण्याचा कार्यक्रम. गट छोटा आणि गुप्तता जास्त असली की हेझिंगचा (नव्या सदस्यांच्या रॅगिंगचा) धोका वाढतो. डिसेंबर २०२४ च्या केंद्रीय कायद्याने विद्यापीठांना दोषी ठरलेल्या संघटनांचा अहवाल प्रसिद्ध करावा लागतो. मुलीने सही करण्याआधी तो वाचावा.

रानपाखरू
तोच अहवाल मोठ्या घरांचाही वाचा. हेझिंग आमच्याकडूनच सुरू झाल्यासारखं लिहू नका. अहवाल बघावा हे मात्र बरोबर.

सुपारी
आणि पैसे? पहिल्या सत्रात ड्यूजच्या (नेहमीच्या वर्गणीच्या) वर नवीन सदस्याची फी, दीक्षाविधीची फी, बॅज, हाउस कॉर्पोरेशनची (इमारत सांभाळणाऱ्या संस्थेची) वर्गणी, टी-शर्ट. बऱ्याच घरांत पुढे एक वर्ष तिथेच राहण्याची सक्ती. कार्यक्रम चुकला की दंड. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरच्या मुलीला सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला फार तर २० तास काम करता येतं. ती हे कुठून भरणार? ज्याला परवडतं त्यालाच दार उघडं, याला मी समावेशक म्हणणार नाही.

काटेकोर
फीचे आकडे नोंदणीआधी, प्रत्येक घराचे वेगवेगळे आणि सगळ्या बाबींसकट जाहीर व्हावेत, यावर वाद नाही. पण निवडीचा हक्क मी सोडणार नाही.

आडवाट
तो हक्क दोन्ही बाजूंनी चालतो. वायोमिंगमध्ये एका सोरोरिटीच्या चॅप्टरने (स्थानिक शाखेने) ट्रान्स विद्यार्थिनीला घेतलं, काही सदस्य कोर्टात गेल्या. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रीय न्यायाधीशांनी दावा फेटाळला: स्त्री म्हणजे कोण याचा अर्थ लावणं संघटनेचं काम. हेही तुम्हाला मान्य आहे ना?

काटेकोर
मला तो निर्णय आवडला नाही. पण माझ्याच तत्त्वाने जायचं तर निवड त्या संघटनेची होती, हे मानावं लागेल. पहिल्या फेरीनंतर किती मुली गळल्या आणि त्यात कोण होत्या, हे कॅम्पसच्या पॅनहेलेनिकने नावं न देता छापलं तरी माझी हरकत नाही. कोणाला घ्या म्हणून सक्ती मात्र नको.

आडवाट
सक्ती मी मागितलीच नव्हती. ते आकडे छापा, पहिली फेरी लांबवा, बोलणं बसून होऊ द्या. गुण भरताना आधीची ओळख धरू नका.

आणि यंदा ज्यांच्या मुली उतरणार आहेत त्यांच्यासाठी: प्रेफरन्स या शेवटच्या फेरीनंतर जो करार भरतात, त्यात शेवटची दोन घरं असतील तर दोन्ही लिहायची. एकच लिहून ते जुळलं नाही तर हातात काहीच येत नाही. मात्र लिहिलेल्या घराचं बिड आलं आणि नाकारलं, तर त्या कॅम्पसवर पुढच्या मुख्य रशपर्यंत दुसऱ्या कुठल्याही पॅनहेलेनिक घराचं बिड घेता येत नाही. म्हणून जिथे जायचंच नाही ते नाव लिहू नये. करार भरण्याआधीच बाहेर पडली, तर सप्टेंबरमध्ये ज्या घरांची संख्या मर्यादेखाली आहे त्यांना मुलीने स्वतः मेल करावा. तिथे एखादीशी निवांत कॉफी घेत बोलता येतं.